राख आणि राखण

गेली तीस वर्षे आमचा चरितार्थ भिवंडीच्या गोदामांवर चालला आहे. काल्हेर, पूर्णा, राहनाळ, दापोडे या गावांच्या शिवारांत पूर्वी भात डोलत असे. तेथे आता पत्र्याच्या छपरांच्या रांगा लागल्या आहेत. त्या छपरांखाली बसून आम्ही आल्यागेल्या मालाच्या नोंदी केल्या. या धंद्यात शिरलो त्या दिवशी आमच्या पहिल्या शेठनी एकच धडा दिला होता : ‘माल पडला की सडला.’ कापडाचा ताका पडून राहिला की त्यावर डाग उमटतात, धान्याला किडा लागतो, औषधांची मुदत सरते. काळ हा मालाचा वैरी, अशी आमची पक्की समजूत होऊन बसली. ती समजूत एका चिरुटाने मोडली. त्याची ही हकीकत आहे.

चिरुटाचे नाव काढताच काही वाचकभगिनींच्या कपाळावर आठी चढेल, हे आम्ही जाणून आहोत. आबालवृद्धांनी वाचावयाच्या अंकात हा धूर कशाला, असा प्रश्न त्यांनी केला तर तो रास्तच आहे. आमच्या घरातही तो झाला. पण तंबाखू आणि चर्च यांचा संबंध तसा जुना आहे. १४९२ साली कोलंबसाच्या दोन खलाशांनी क्यूबा बेटावर लोकांना पानांच्या गुंडाळ्या पेटवून धूर ओढताना पाहिले. पुढे दीडशे वर्षांत ही सवय स्पेनमधील देवळांच्या आतपर्यंत पोहोचली, तेव्हा आठवे पोप अर्बन यांना १६४२ साली सेव्हिल धर्मप्रांतातील देवळांत तंबाखूला बंदी घालावी लागली. अठराव्या शतकात तेरावे पोप बेनेडिक्ट यांनी रोममध्ये असे निर्बंध सैल केले. आणि आपल्या काळात, २०१८ सालापासून, पोप फ्रान्सिस यांनी व्हॅटिकनमधील सिगारेटविक्रीच थांबविली. आपल्याकडे ही वनस्पती पोर्तुगीजांच्या गलबतांतून आली. अकबराच्या दरबारातील असद बेगाला ती १६०४ च्या सुमारास विजापुरात प्रथम दिसली, आणि त्याने ती नवलाची वस्तू म्हणून बादशहापुढे नेली. बटाटा, अननस, काजू यांच्याबरोबर ‘तंबाखू’ हा शब्दही आपण पोर्तुगीजांकडून घेतला. ‘चिरूट’ हा मात्र तमिळ माणसाचा शब्द. ‘सुरुट्टु’ म्हणजे गुंडाळी. त्रिचनापल्लीचे चिरूट एके काळी एवढे नामांकित होते की, १८८७ साली प्रसिद्ध झालेल्या पहिल्याच कादंबरीत शेरलॉक होम्स गुन्हेगाराची राख पाहून ती त्रिचनापल्लीची आहे हे ओळखतो.

आम्ही सांगणार आहोत तो चिरूट मात्र क्यूबाचा, आणि तो आमच्या मामांचा.

मामा मूळचे वसईचे. तरुणपणीच बोटीवर लागले आणि चाळीस बंदरांचे पाणी पिऊन साठीकडे झुकताना परतले. बोटीवर ते भटारखान्यात होते. तेथे त्यांच्या जिभेला आणि नाकाला जे वळण लागले, ते त्यांनी शेवटपर्यंत जपले. मामी चहात आल्याऐवजी सुंठ घालतात की काय, हे ते कप ओठाला लावण्यापूर्वी सांगत. सफरी संपविल्यावर त्यांनी भिवंडीत घर केले, आणि साठविलेल्या पैशांतून जुने सहा यंत्रमाग विकत घेतले. समुद्राचा माणूस मागांच्या खडखडाटात कसा रमेल, अशी आम्हांला शंका होती. मामा म्हणाले, ‘‘इंजिनच्या शेजारी झोपलेल्या माणसाला शांततेतच झोप येत नाही.’’

१९९८ च्या जानेवारीत मामांची शेवटची बोट हवानाच्या बंदरात नांगरून होती. त्याच आठवड्यात पोप जॉन पॉल दुसरे क्यूबाच्या भेटीस आले. त्या देशात १९६९ पासून नाताळची सुट्टी बंद होती. या भेटीच्या निमित्ताने आदल्या डिसेंबरात ती पुन्हा देण्यात आली होती. २५ जानेवारीला क्रांती चौकात पोपमहोदयांनी मिस्सा अर्पण केला, तेव्हा मामा त्या लाखोंच्या गर्दीत उभे होते. भाषा कळली नाही, पण मिस्सा कळला, असे ते सांगत. परतताना त्यांनी राखून ठेवलेल्या पैशांतून पंचवीस चिरुटांची एक पेटी घेतली. पेटीच्या तळाशी ‘एचो एन कूबा’, म्हणजे ‘क्यूबात बनविलेले’, आणि ‘तोतालमेन्ते आ मानो’, म्हणजे ‘सर्वस्वी हाताने’, अशी अक्षरे डागून उमटविलेली होती. मामांना दुसरे वाक्य फार आवडे.

त्या हातांविषयी आम्ही मामांकडून ऐकले आणि नंतर पुस्तकांतून ताडून पाहिले. चिरुटात तीन प्रकारची पाने असतात : आतले भरण, त्याला आवळून धरणारे बांधणीचे पान, आणि वर दिसणारे वेष्टन. भरणाची पाने रोपाच्या वेगवेगळ्या उंचीवरून खुडतात. तळची पाने जळण्यास चांगली, मधली सुगंधाची, आणि शेंड्याची, उन्हात तापलेली पाने जहाल. त्यांचे प्रमाण बसविणे यातच सारे कौशल्य आहे. वेष्टनाचे पान तलम आणि निर्डाग हवे, म्हणून त्याच्या शेतावर पातळ सुती कापडाचा मांडव घालतात. शेतावर कापड पांघरतात हे ऐकून आम्हां भिवंडीकरांचे कान टवकारले. एवढे वार कापड लागते तर आपले ताके तिकडे का जात नाहीत, असे आम्ही व्यापाऱ्याच्या जातीने विचारले, आणि मामा बराच वेळ हसले.

खुडलेली पाने कोठारात टांगून वाळवितात. मग त्यांचे ढीग रचतात. ढिगाच्या पोटात आपोआप ऊब धरते. ती फार वाढू नये म्हणून ढीग मोडून उलटून पुन्हा रचावे लागतात. या उबेत पानातील उग्र, नाकाला झोंबणारा अमोनिया निघून जातो. असे एकदा नव्हे, अनेकदा होते, आणि नंतरही पाने गाठोड्यांत दीर्घकाळ पडून राहतात. आपल्याकडे निपाणीच्या वखारींमधून बिडीच्या तंबाखूचा जो उग्र दर्प रस्त्यापर्यंत येतो, त्याचीच ही लांबची भावंडे. निपाणीत तंबाखू चाळणाऱ्या बायांच्या नाकातोंडात धूळ जाते, आणि १९८१ साली त्याच तंबाखूच्या भावासाठी शेतकरी शरद जोशींच्या नेतृत्वाखाली महामार्गावर ठाण मांडून बसले आणि त्यांच्यावर गोळीबार झाला, हे आपल्या पिढीला आठवत असेल. धूर हलका असतो, पण त्याच्यामागचे ओझे हलके नसते.

हवानाच्या कारखान्यांतील एक प्रथा मात्र आम्हांला हेवा वाटावा अशी आहे. तेथे चिरूट वळणाऱ्या कामगारांना १८६५ पासून मोठ्याने वाचून दाखविण्याची रीत पडली. मधोमध उंच जागी एक वाचक बसतो, आणि वर्तमानपत्रे, कादंबऱ्या वाचतो. प्रारंभी त्याचे वेतन कामगार आपल्याच मजुरीतून वर्गणी काढून देत. ‘मॉन्टेक्रिस्टो’ या चिरुटाचे नाव द्यूमाच्या कादंबरीवरून पडले, ते याच वाचनामुळे असे सांगतात. आमच्या मागांच्या खात्यात असा वाचक बसविला तर त्याला स्वतःचा आवाजही ऐकू यायचा नाही.

असो. पेटी भिवंडीत आली, आणि खरी परीक्षा सुरू झाली.

चिरूट हा जिवंत पदार्थ आहे, असे समजून वागावे लागते. हवेत सुमारे पासष्ट ते सत्तर टक्के आर्द्रता आणि वीस अंशांच्या आसपास उष्णता त्याला मानवते. आमच्या भिवंडीत जून ते सप्टेंबर भिंतींना घाम फुटतो आणि चामड्याच्या वहाणांवर बुरशी चढते. एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याखाली भाजणी होते. चिरूट ओला झाला तर बुरशी, सुकला तर पानाचा चुरा, तापला तर कीड. अशा ठिकाणी हवानाची पेटी सांभाळणे म्हणजे घुबडाला उन्हात पाळण्यासारखे. पण मामा हट्टी. त्यांनी साबणाच्या डबीला भोके पाडून तीत शुद्ध पाण्याने भिजविलेला स्पंज ठेवला आणि पेटीसह ती घट्ट झाकणाच्या डब्यात बंद केली. आर्द्रता मोजण्याचे एक लहान घड्याळ आणले. ते खरे बोलते की नाही हे पाहण्याची त्यांची युक्ती आमच्या गोदामातही पुढे उपयोगी पडली : बाटलीच्या झाकणात मीठ जेमतेम ओले करून ठेवावे, शेजारी ते घड्याळ ठेवावे, आणि दोन्ही एका हवाबंद डब्यात एक दिवस कोंडावीत. घड्याळाने पंचाहत्तर दाखविले तर ते प्रामाणिक.

पेटीचे लाकूड तिकडे सिडार म्हणून ओळखतात. प्रत्यक्षात ते आपल्या कडुनिंबाच्या कुळातले आहे. त्याच्या वासाने कीड दूर राहते असा समज. भिवंडीच्या उन्हाळ्याने तो खोटा पाडला. २००१ च्या मे महिन्यात मामा आठ दिवस वसईला गेले असता घर बंद राहिले. परत येऊन पाहतात तो सहा चिरुटांना सुईने टोचावे तशी भोके. तंबाखूचा भुंगेरा हा जेमतेम दोन-तीन मिलिमीटरचा तपकिरी किडा. त्याची अंडी पानातच असतात आणि उष्णता वाढली की ती फुटतात. मामांनी उरलेले चिरूट पिशवीत गुंडाळून तीन दिवस बर्फाच्या खणात ठेवले, मग एक दिवस खालच्या खणात, मग बाहेर. तेव्हापासून दर उन्हाळ्यात तो डबा शीतकपाटात, बोंबलांच्या शेजारी जाऊ लागला. मामी म्हणत, ‘‘पोपसाहेबांच्या गावाहून आणलेत म्हणून ठेवून घेते, नाहीतर केव्हाच खाडीत टाकले असते.’’ हवाना हे पोपमहोदयांचे गाव नव्हे, हे त्यांना कोणी समजावून सांगितले नाही.

मामा वर्षात दोनच चिरूट ओढीत, एक ईस्टरला आणि एक नाताळला. १९९९ च्या नाताळात त्यांनी एक चिरूट आपल्या खात्याच्या जॉबरला दिला. हा जॉबर पद्मनगरात राहणारा, तेलुगू बोलणारा, मागाच्या आवाजावरून कोणता खिळा ढिला झाला हे सांगणारा कसबी माणूस. त्याची बिडी कधी विझत नसे. दोन कांड्या बदलायच्या मध्ये जेवढी फुरसत मिळे, तेवढ्यात त्याची एक बिडी होई. त्याने तो चिरूट बिडीसारखाच छातीत ओढला, ठसका लागून लालबुंद झाला, आणि म्हणाला, ‘‘शेठ, यात धूर आहे, दम नाही.’’ अर्धा विझवून त्याने कानावर ठेवला आणि दुसऱ्या दिवशी खात्यातल्या सगळ्यांना एकेक झुरका वाटला. ही गोष्ट मामा पुष्कळ दिवस विनोद म्हणून सांगत. एवढ्या मोलाच्या चिजेची त्याला चव कळली नाही, असा त्या विनोदाचा रोख असे, आणि आम्हीही हसत असू.

२००२ च्या पावसाळ्यात त्या जॉबरचा आवाज बसला. खोकल्याच्या बाटल्या झाल्या, काढे झाले. मुंबईच्या मोठ्या इस्पितळात नेले तेव्हा घशाचा कर्करोग फार पुढे गेलेला होता. २००३ च्या फेब्रुवारीत तो गेला. मामा त्याच्या अंत्यविधीला कामवारी नदीच्या काठी गेले आणि घरी येऊन दोन दिवस कोणाशी बोलले नाहीत. ५ मार्चला राखेचा बुधवार होता. कपाळावर राख घेऊन आल्यावर त्यांनी प्रायश्चित्तकाळापुरता चिरूट वर्ज्य केल्याचे मामींना सांगितले. त्यात विशेष काही नव्हते, कारण त्या काळात ते एरवीही ओढीत नसत. पण ईस्टरचा दिवस उजाडला, मिस्सा झाला, जेवण झाले, आणि डबा उघडला गेला नाही. नाताळलाही नाही. पेटीत आठ चिरूट उरले होते.

मग ते टाकून का दिले नाहीत, असे आम्ही एकदा विचारले. मामा म्हणाले, ‘‘ओढणं सोडलं, राखणं सोडलं नाही.’’ आम्हांला त्याचा अर्थ तेव्हा लागला नाही. माग २००८ साली भंगारात गेले. मामा थकले. पण दर पंधरा दिवसांनी स्पंज भिजवायचा, दर उन्हाळ्यात डबा हलवायचा, हा क्रम वीस वर्षे चुकला नाही. आपण जे ओढणार नाही, ते एवढ्या निगुतीने कोण सांभाळतो? गोदामातला माणूस म्हणून आम्हांला हा हिशेब जुळेना.

२०२१ च्या वसंतात मामांना कोरोनाने गाठले. त्यातून ते उठले, पण घ्राणेंद्रिय गेले ते गेलेच. सुंठ आणि आले यांतील फरक ओळखणारे ते नाक आता जळत्या दुधाचीही वार्ता देईना. मामी तळलेल्या मासळीचे ताट समोर ठेवीत, आणि मामा मुकाट्याने जेवून उठत. तक्रार नाही, फर्माईश नाही. आमच्या मामींना ती शांतता फार बोचे.

२०२३ च्या नाताळाच्या दुसऱ्या दिवशी आम्ही सहकुटुंब त्यांना भेटायला गेलो. फराळ झाल्यावर मामांनी आम्हांला गच्चीवर बोलाविले. ‘‘पंचवीस वर्षं झाली. मला ह्याचं काय झालं ते कळायला हवं. मला वास येत नाही. तू ओढ आणि मला सांग,’’ ते म्हणाले. आम्ही महाविद्यालयात असताना सिगारेटी फुंकल्या होत्या आणि लग्नानंतर सोडल्या होत्या. आमच्या सौ.नी जिन्यातूनच विचारले, ‘‘एकच ना?’’ मामा म्हणाले, ‘‘एकच, आणि तोही माझ्यासाठी.’’ त्यांनी परवानगी दिली, पण मुलांना खाली नेले.

येथे आम्हांला स्पष्ट सांगितले पाहिजे की, चिरुटाचा धूर छातीत घेत नाहीत म्हणून तो निरुपद्रवी, हा भ्रम आहे. तोंड, घसा आणि अन्ननलिका यांना त्याचा धोका आहेच, आणि एका मोठ्या चिरुटात सिगारेटच्या अख्ख्या पाकिटाइतका तंबाखू असू शकतो. आम्ही त्या संध्याकाळी जे केले ते कोणी गिरवावे म्हणून लिहीत नाही.

मामांनी पेटी उघडली. वेष्टनाचे पान जुन्या चामडी बांधणीच्या पुस्तकासारखे काळपट तपकिरी झाले होते. बोटांनी हलके दाबले तर दबून पुन्हा वर येत होते, म्हणजे राखण बरोबर झाली होती. त्यांच्या सूचनेप्रमाणे आम्ही डोक्याकडची टोपी धारदार पात्याने पातळ छाटली. न पेटविता एक झुरका घेतला. आगकाडी पेटल्यावर गंधक जळून जाईपर्यंत थांबलो. मग ज्योत न टेकविता, चिरूट फिरवीत, त्याचे टोक सगळीकडून सारखे शेकले. ‘‘घाई नको. मिनिटाला एक झुरका. तोंडात घोळव आणि सोडून दे,’’ मामा खुर्चीच्या कडेवर पुढे सरकून सांगत होते. खाली शेजारच्या गल्लीत माग चालू होते.

‘‘सांग.’’

खरे सांगायचे तर पहिली दहा मिनिटे सांगण्यासारखे काही नव्हते. धूर मऊ होता, पण फिका. पावसाळ्यानंतर पहिल्यांदा उघडलेल्या कपाटाचा, जुन्या कागदांचा वास. मामांच्या चेहऱ्याकडे पाहून ‘उत्तम आहे’ असे म्हणून टाकावे, असा मोह झाला. वीस वर्षे राखलेली वस्तू, आणि पारखणारे आता दुसऱ्याच्या जिभेवर अवलंबून. एक गोड खोटे बोलले तर कोणाचे काय बिघडते? पण भटारखान्यात जन्म काढलेल्या माणसाला खोटी चव सांगणे म्हणजे आंधळ्याच्या हातात खोटे नाणे ठेवणे. आम्ही म्हणालो, ‘‘मामा, फिका आहे. जोर राहिलेला नाही.’’

मामांनी मान हलविली. ‘‘जोर जातोच. पुढे बघ.’’

तिसरा भाग जळून गेल्यावर चव पालटली. प्रथम भाजलेल्या सुक्या खोबऱ्यासारखे काही जाणवले. मग कॉफीचे दाणे तव्यावर पडल्यावर जो पहिला कडवट-गोड वास सुटतो, तो. मधूनच बाटलीतल्या मसाल्याचे बूच काढल्यावर नाकाशी जे क्षणभर येऊन जाते, तसे. ते नेमके कशाचे, हे सांगता येत नव्हते. आम्ही शब्द शोधत होतो आणि मामा एकेक शब्द उचलून घेत होते. ‘‘खोबरं? सालीसकट की सोललेलं?’’ ‘‘मसाला म्हणजे दालचिनी की जायपत्री?’’ आम्हांला पुन्हा झुरका घेऊन, डोळे मिटून, खरे उत्तर शोधावे लागे. आम्ही आयुष्यात इतके लक्ष देऊन काही चाखले नव्हते. राख इंचभर लांब, पांढुरकी, न पडता टिकली होती. मामांनी ती झटकू दिली नाही.

‘‘कडू आहे का?’’ त्यांनी शेवटी विचारले.

आम्ही चाचपून पाहिले. कडूपणा नव्हता. जिभेला झोंबणारे, घशाला खवखवणारे असे काहीही उरले नव्हते. ‘‘नाही मामा. कडूपणा सगळा गेला आहे.’’

‘‘मुरला म्हणजे,’’ मामा म्हणाले.

‘मुरणे’ हा शब्द आम्ही शेकडो वेळा वापरला असेल. लोणचे मुरते, नाताळची वाईन बरणीत मुरते, जुना तांदूळ आणि जुनी चिंच आपण नव्यापेक्षा अधिक मोलाने घेतो. पण गोदामात बसून ‘पडून राहणे’ आणि ‘मुरणे’ यांतला भेद आम्हांला कधी दिसला नव्हता. वेळ दोहोंनाही सारखाच लागतो. पडून राहिलेल्या वस्तूकडे कोणी पाहत नाही. मुरणाऱ्या वस्तूजवळ कोणीतरी जागे असते, झाकण पुसते, बरणी हलविते, आणि मुख्य म्हणजे हात आवरते. पंचवीस वर्षांनी चिरुटातला कडूपणा गेला, तसा जोरही गेला. काळाने दोन्ही नेले. मागे जे राहिले ते मामांनी राहू दिले म्हणून राहिले.

आम्ही हा विचार बोलून दाखविला तेव्हा मामा बराच वेळ खाली गल्लीकडे पाहत राहिले. मग म्हणाले, ‘‘हे ओढायला सव्वा तास लागतो. त्या जॉबरला सव्वा तास कधी मिळाला? बारा तासांची पाळी, सहा माग, आणि डोक्यावर मी. दोन मिनिटांत जे ओढून होईल ते त्यानं ओढलं. आणि मी लोकांना सांगत फिरलो की, त्याला चव कळत नाही.’’ थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, ‘‘टाकून दिले असते तर विसरलो असतो. म्हणून राखले.’’

आमच्या हातातला चिरूट आता आखूड झाला होता. शेवटच्या भागात चव थोडी तिखटली, आणि मामांच्या सांगण्यावरून आम्ही तो न चिरडता रक्षापात्राच्या कडेवर ठेवून दिला. तो आपोआप विझला. सोलापूर-सिन्नरच्या घराघरांतून बिड्या वळणाऱ्या बाया, निपाणीच्या वखारी, हवानातला तो वाचक, आणि ज्याच्या कानावर अर्धा चिरूट होता तो माणूस, ही सर्व मंडळी त्या गच्चीवर आमच्याबरोबर सव्वा तास बसून होती असे आम्हांला वाटले. आस्वाद घेणे म्हणजे केवळ जिभेचे लाड नव्हेत. ज्यांच्या श्रमांवर आणि ज्यांच्या न मिळालेल्या फुरसतीवर आपली फुरसत उभी असते, त्यांची याद त्यात आली नाही, तर तो आस्वाद अर्धाच राहतो.

मामी वर आल्या. राख कागदावर घेऊन त्यांनी गुलाबाच्या कुंडीत टाकली, आणि मामांना विचारले, ‘‘समाधान झालं?’’ मामा म्हणाले, ‘‘कळलं.’’ त्या रात्री जेवताना मामांनी किती महिन्यांनी विचारले, ‘‘आज कालवणात काय घातलं आहेस?’’ मामींनी एकेक जिन्नस सांगितला. मामा ऐकत ऐकत जेवले.

निघताना मामांनी विचारले, ‘‘आणखी एक न्यायचा आहे का?’’ लपवायचे कशाला, आम्हांला तो हवा होता. जिन्यातून उतरतानाच पुढच्या नाताळचा विचार मनात येऊन गेला होता. आमचा चेहरा पाहून मामा हसले. म्हणाले, ‘‘बघ, एकातच हात पुढे आला. राखण इथूनच सुरू होते.’’ त्यांनी पेटी बंद केली आणि डबा जागेवर ठेवला.

तेव्हापासून एक नवा रिवाज पडला आहे. दर नाताळाच्या दुसऱ्या दिवशी आम्ही जातो. मामा डबा काढतात. आम्ही पेटी उघडून नाक खाली नेतो आणि काय वास येतो ते सांगतो : कडुनिंबाच्या भावकीतले ते लाकूड, सुके गवत, थोडासा गूळ. मामा प्रश्न विचारतात, आम्ही उत्तरे देतो. मग मामी स्पंज भिजवून देतात, आणि आम्ही झाकण लावतो. पेटीत अजून सात चिरूट आहेत.